मागच्या सीटवरचा ऐतिहासिक डाग

आमच्या गाडीसारखी गाडी जगात दुसरी नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. 'सांगायचो' हा शब्द लक्षात ठेवा!

बेचाळीस वर्षांची गाडी. रंग कारखान्यातून आला तोच, म्हणजे एके काळी हिरवा. सीटा त्याच, काचा त्याच. हॉर्नचा घसा बसलाय, पण तोही मूळचाच! लोक जुन्या गाड्या रंगवून चकाचक करतात. मी म्हणतो, आजीला लिपस्टिक लावून तिचं वय कमी होतं का? सुरकुत्या हीच तिची कमाई!

त्यामुळे जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात 'एकाच कुटुंबाची, हात न लावलेली गाडी' असा विभाग आहे हे कळताच मी त्याच दिवशी अर्ज भरला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसला सांगून मोकळा झालो. साहेब सहकुटुंब येतो म्हणाले. आता माघार म्हणजे नाक कापून घेणं. फक्त रविवारी परीक्षक घरी येऊन गाडी बघणार होते, तेवढं पार पडलं की झालं.

मी जय्यत तयारी केली. गाडीवरच्या प्रत्येक खुणेला दोऱ्याने एक कार्ड बांधलं. 'दारावरचा पोचा: धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात जाताना खांबाला घासून.' 'मागच्या सीटवरचा डाग: मी, वय वर्षे दोन, प्रवासात उलटी.' लहानपणी मी एकेका खुणेवर बोट ठेवून विचारायचो आणि बाबा मांडीवर घेऊन तिची गोष्ट सांगायचे. त्या सगळ्या मला तोंडपाठ आहेत.

बायको बादली आणि फडकं घेऊन आली. "अहो, निदान तो डाग तरी पुसू द्या. लग्न झाल्यापासून मी त्याच्यावर टॉवेल घालून बसतेय!"

"खबरदार! तो इतिहास आहे!"

"इतिहासाला वास येतो."

आईने पोच्यावरचं कार्ड चष्मा लावून वाचलं. मग बाबांकडे बघितलं, "हं" म्हणाली आणि आत गेली. माझ्या मेहनतीचं घरात हे एवढंच कौतुक!

पण खरा वैताग आणला बाबांनी. परीक्षक येणार म्हटल्यापासून त्यांचं काहीतरी बिनसलंच. सोमवारी म्हणाले, "रंग देऊन टाकू या का रे?" मंगळवारी, "विकून टाक." गाडीचं नोंदणी पुस्तक मागितलं तर त्यांच्या कपाटाची किल्ली हरवली. शुक्रवारी ती किल्ली त्यांच्याच उशीखाली सापडली, तर त्यांचा गुडघा दुखायला लागला. कपाट उघडायला गुडघा कशाला लागतो, सांगा! मी समजलो, म्हातारपणी माणूस हळवा होतो. शेवटी किल्ली मीच घेतली.

रविवारी परीक्षक आले. बोलणं बेताचं, हातात टॉर्च. गाडीखाली आडवे झाले, बॉनेटमध्ये डोकं घातलं, पत्र्यावर नख वाजवून बघितलं. अर्ध्या तासाने उठले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"अस्सल! कुठेही हात लागलेला नाही. अशी गाडी वर्षातून एखादी दिसते."

मी बायकोकडे विजयी नजर टाकली. ती बादलीकडे बघत होती.

"कागदपत्रं?"

मी पुस्तक दिमाखात पुढे केलं. परीक्षकांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग सीटवरचं कार्ड वाचलं.

"हा डाग पडला तेव्हा तुम्ही दोन वर्षांचे होता?"

"हो तर!"

"आता वय?"

"त्रेचाळीस."

"गाडी तुमच्या वडिलांच्या नावावर झाली छत्तीस वर्षांपूर्वी. म्हणजे तुम्ही सात वर्षांचे असताना. त्याआधी पहिले मालक वेगळे आहेत."

मी बाबांकडे वळलो. त्यांचा गुडघा आता फारच दुखत होता.

"बाबा!"

"अरे, आपली पहिली गाडी अशीच होती. हाच रंग," बाबा पुटपुटले. "तुम्ही सगळे मामाकडे गेला होतात. मी तळ्याच्या उतारावर गाडी थांबवून जरा खाली उतरलो. हँडब्रेक ओढायचा राहिला. ती गेली... तळ्यात. म्हटलं, तुझी आई घर डोक्यावर घेईल. पंधरा दिवस वणवण करून अगदी तशीच जुनी गाडी शोधली."

"आणि नंबर?"

"सरकारने बदलले असं सांगितलं."

"आणि त्या गोष्टी? खांब? माझी उलटी?"

"तू विचारायचास रे. काहीतरी सांगायला नको?"

मी मटकन बसलो, नेमका त्याच सीटवर. मला रडावं की ओरडावं तेच कळेना. छत्तीस वर्षं मी दुसऱ्याच्या पोराची ओकारी जपत होतो!

"मला परत आल्या दिवशीच कळलं होतं," आई शांतपणे म्हणाली. "पहिल्या गाडीचं माझ्या बाजूचं दार आतून कधी उघडायचं नाही. हिचं उघडलं. म्हटलं, बरंच झालं, गप्प बसावं." बाबांच्या चेहऱ्यावर छत्तीस वर्षांनी रंग आला. तेवढ्यात आईने विचारलं, "पण अहो, तळ्याच्या उतारावर खाली कशाला उतरला होतात?"

बाबा बेसावध होते. "सिगारेट पेटवायला."

"सिगारेट? ती तर माझ्या गळ्याची शपथ घेऊन सोडली होती ना तुम्ही!"

पुढचं मी सांगत नाही. परीक्षकांनीही ऐकायला थांबणं टाळलं. जाता जाता म्हणाले, "गाडी अस्सल आहे, पण एकाच कुटुंबाची म्हणता येणार नाही. दुसऱ्या विभागात टाकतो. तेवढी ती कार्डं काढा."

मी मुकाट्याने कार्डं सोडली. एकेक गोष्ट दोऱ्यासकट खिशात गेली. मग बायकोला म्हटलं, "आण ती बादली."

दोघांनी मिळून तासभर घासला. साबण संपला, फडकं फाटलं, डाग तसूभर हलला नाही. साहेब प्रदर्शनाला सहकुटुंब येताहेत आणि डाग कुणाचा म्हणून विचारणारच. मी सांगणार आहे, माझाच!