हाल्वारचा गृहपाठ

हाल्वार पहिला आठवडाभर जवळजवळ मुकाच होता, तोवर दोन्या एदुविहेसची त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. स्पॅनिश शिकायला आलेल्या परदेशी लोकांना घरी ठेवून घ्यायचं, हा अंतिग्वा गावातल्या निम्म्या घरांचा धंदा. पाहुणा येतो, पोट बिघडवून घेतो, चार वाक्यं शिकतो आणि जाताना रडतो, एवढं तिला ठाऊक होतं. नॉर्वेहून आलेला हा साठीचा गृहस्थही नुसता हसायचा आणि वाढलेलं मुकाट्यानं खायचा. पण दुसऱ्या आठवड्यात शाळेत इरमाबाईंनी त्याला वर्तमानकाळाची क्रियापदं शिकवली आणि सकाळी कॉफी पिता पिता त्याला वाचा फुटली.

"तुम्ही पहाटे उठता?"

"उठते की."

"का उठता?"

"मका दळायला."

"खूप मका दळता. कोण खातो?"

दोन्याचा हात थबकला. तो मका तमालसाठी असायचा. केळीच्या पानात वाफवलेले तमाल ती दर शनिवारी विकायची. दारावर लाल दिवा दिसला की आत तमाल तयार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. फक्त नगरपालिकेचा परवाना तिच्याकडे नव्हता. गल्लीत कुणाकडेच नव्हता. पाहुणे काय, आज आहेत उद्या नाहीत. घर चालायचं ते या तमालच्या हंड्यावर.

तिनं शेजारीण त्रान्सितोला गाठलं.

"घरातली माणसं रोज काय करतात ते विचारून पाठ करायचं आणि वर्गात सांगायचं, असा गृहपाठ आहे म्हणतो."

"या वयात गृहपाठ? अगं, पिकलेले केस बघ त्याचे! राजधानीतून कुणीतरी तपासायला येणार, असं बाजारात बोलतायत. तो काय शिक्का हातात धरून येईल?"

"पण हा तर परदेशी आहे."

"म्हणूनच पाठवलाय. तुला संशय येऊ नये म्हणून!"

संध्याकाळी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं दोन्या अंगणात उभी राहिली. खोलीत हाल्वार डोळे मिटून येरझारा घालत होता. "ती दळते. ती शिजवते. ती विकते. शेजारीण बघते. शेजारीणही विकते."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी दोन्याची गत झाली. नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं.

शनिवारी तिनं दिवा लावलाच नाही. ते पाहून त्रान्सितोनं आपला उतरवला आणि बघता बघता सगळी गल्ली अंधारात गेली. शिजलेला हंडा आतल्या खोलीत गोधडीखाली दडवून दोन्यानं हाल्वारपुढे काळ्या घेवड्याचं कालवण ठेवलं.

"वास येतो," तो म्हणाला.

"नाही येत."

"मला येतो. तुम्हाला येत नाही?"

"कुणालाच येत नाही. जेवा गुपचूप!"

तेवढ्यात दार वाजलं. दारात ओब्दुलियोसाहेब उभे होते. नगरपालिकेत परवाने तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणूनच ते दर शनिवारी येत, स्वयंपाकघरात बसून पोटभर तमाल खात आणि परवान्याचा विषय काढायचं विसरून जात.

"सगळं गाव लाल आणि तुमचीच गल्ली काळी!" साहेब संशयानं म्हणाले. "काय दोन्या, माझ्यापासून काही लपवताय का? की तमाल आता दुसऱ्या कुणाच्या घशात जातात?"

"हळू बोला, साहेब."

पण हाल्वार उठलाच. क्रियापदं वापरायला नवा माणूस मिळाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

"मी तुम्हाला ओळखतो! गल्लीतली मुलं सांगतात. तुम्ही शनिवारी येता. तुम्ही बसता. तुम्ही पुष्कळ खाता." मग क्षणभर आठवून त्यानं बोट वर केलं. "तुम्ही पैसे देत नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "हे कोण?" त्यांनी दोन्याच्या कानाशी विचारलं.

दोन्यानं मनात होतं तेच सांगितलं. "राजधानीतून तपासायला येणार होते ना, ते हेच, असं त्रान्सितो म्हणते. सगळ्यांना सगळं विचारतात, पाठ करतात आणि सोमवारी कुणाला तरी सांगतात."

"हो, सोमवारी मी सांगतो," हाल्वार अदबीनं म्हणाला. "बाई ऐकतात. बाई चुका काढतात."

साहेबांना दरदरून घाम फुटला. त्यांनी पाकीट काढून गेल्या शनिवारचेसुद्धा पैसे टेबलावर ठेवले. मग स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच्या हातानं लाल दिवा लावला आणि एकही तमाल न खाता ते निघून गेले. सोमवारी सकाळी सगळ्या गल्लीचे परवाने घरपोच आले.

दोन्याला मात्र राहवेना. तमालची पिशवी घेऊन ती शाळेत गेली आणि हा माणूस आहे तरी कोण, असं तिनं विचारलं.

"गुरांचा निवृत्त डॉक्टर आहे हो," इरमाबाई हसून म्हणाल्या. "फार मन लावून गृहपाठ करतो. वर्तमानकाळ पक्का झाला त्याचा. उद्यापासून भूतकाळ घेते."

दोन्यानं पिशवी हळूच बाईंच्या पुढ्यात सरकवली.

"एवढी घाई कशाला, बाई? आमच्या नळाचं काम अजून नगरपालिकेत अडलंय. महिनाभर त्याला वर्तमानातच राहू द्या."