वीज खात्याचा शिंपी

औषधवाल्याची आई एकटी राहायची आणि विजेच्या जुन्या शेगडीवर अंघोळीचं पाणी तापवायची. शेगडीच्या वायरीला जागोजागी चिकटपट्ट्या होत्या. मुलगा ओरडून थकला, सून विनवून थकली. नवी शेगडी आणून दिली, ती आईने आल्या पावली परत पाठवली.

"आई फक्त साहेब लोकांचं ऐकते," औषधवाला शेजारच्या दुकानातल्या शिंप्याला म्हणाला. "तुला तिनं कधी पाहिलेलं नाही. वीज खात्याचा तपासनीस म्हणून जा आणि जरा दरडावून ये."

शिंप्याने उभ्या जन्मात गिऱ्हाइकालाही दरडावलं नव्हतं. पण मित्राचा चेहरा पाहून त्याला नाही म्हणवेना. खाकी शर्ट चढवून, खिशाला दोन पेनं लावून तो तिच्या दारात उभा राहिला.

"वीज खात्यातून आलोय. तुमच्या शेगडीची वायर धोक्याची आहे."

"न बघताच?" म्हातारीने विचारलं.

शिंपी अजून उंबऱ्याबाहेरच होता. "बाहेरूनच... अंदाज येतो," तो पुटपुटला.

म्हातारीने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि जिन्यात जाऊन वीजवाले साहेब आल्याची बातमी दिली. शेजारीण धावली, तिचा मीटर म्हणे पंखा बंद असतानाही पळायचा. पाठोपाठ जिन्यातल्या दिव्याची तक्रार आली. शिंपी प्रत्येकाला "वर कळवतो" म्हणत घाम पुसत होता. तेवढ्यात वरूनच एक गृहस्थ उतरले. आठवड्यापूर्वीच वरच्या मजल्यावर राहायला आले होते, अंगावर घरचा पायजमा.

"कुठल्या विभागाचे तुम्ही?"

"शहर विभाग."

"मीही तिथेच तपासणीला आहे. तुम्हाला कधी पाहिलं नाही. तोतया अधिकाऱ्याला कैद होते, ठाऊक आहे ना?"

 रुमाल काढायला शिंप्याने खिशात हात घातला, तर मोजपट्टी बाहेर आली आणि जमिनीपर्यंत लोंबू लागली.

"हा माझा शिंपी," म्हातारी शांतपणे म्हणाली. "पडद्यांसाठी खिडक्या मोजायला बोलावलाय."

"पण आजी, तुम्हीच साहेब म्हणालात."

"मी सगळ्यांनाच म्हणते."

"खात्याला खोटी माहिती देणं हासुद्धा गुन्हा आहे."

"असेल. तुमचं ओळखपत्र बघू आधी."

पायजम्याला खिसा नव्हता आणि ओळखपत्र कार्यालयातच राहिलं होतं. "हल्ली कोणीही साहेब म्हणवून घेतं," शेजारीण त्यांना आपादमस्तक न्याहाळत म्हणाली. गृहस्थ कानापर्यंत लाल झाले. जाता जाता मात्र वायरीकडे पाहून म्हणाले, "ही खरंच बदला हो."

दार लागलं. शिंपी मान खाली घालून मोजपट्टी गुंडाळू लागला. "चुकलं माझं, काकू."

"दारातच ओळखलं मी. माझ्याच लेकानं पाठवलं असणार." म्हातारीने शेगडी पदराने पुसली. "या पट्ट्या ह्यांनी लावलेल्या. दर थंडीत एक नवी. म्हणून टाकवत नव्हती."

मग तिने बटण बंद केलं, प्लग काढला आणि वायर हलक्या हाताने शेगडीभोवती गुंडाळली.

"पण हिच्यापायी दुसऱ्याचं पोर तुरुंगात गेलं असतं, तर हेच माझ्यावर चिडले असते."

शिंप्याने सुटकेचा श्वास सोडला आणि चपला शोधू लागला.

"चाललास कुठे?" म्हातारीने खिडकीकडे बोट केलं. "मोज. मी आयुष्यात खोटं बोलले नाही."