भास्करची घोडी

आमचा भास्कर रामटेके कोणाच्याही घरी गेला की खुर्चीवर बसत नाही. आधी ती हलवतो. दोन्ही हातांनी गदागदा, मग बोटानं टकटक, मग कान लावून. पुतणीच्या साक्षगंधात त्यानं व्याह्यांचा सोफा असा हलवला, की त्यावर बसलेले व्याही उठून उभे राहिले.

"चार पायाचं काही खरं नाही, गुरुजी. तीन पाय कधी डगमगत नाही," असं म्हणून त्यानं माझ्या टेबलाचा एक पाय कापायला माझ्याकडंच आरी मागितली होती. मी कशाला देतो!

हा शेजारी बंगलोरला अंतराळातल्या दुर्बिणींसाठी घोड्या बनवतो. घोडी म्हणजे दुर्बिणीच्या पोटातला कॅमेरा ज्यावर बसवतात तो सांगाडा. सुट्टीत गावी आला की आमच्या गोरेगावच्या बाजारात लोक विचारतात, "मग दुर्बीण कोण बनवते?" हा शांतपणे म्हणतो, "ते दुसरे लोक. मी फक्त पकडून ठेवतो."

फक्त म्हणे! अहो, रॉकेट सुटताना हाडं खिळखिळी करणारा हादरा. वर गेलं की एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला धातू आकसून जाईल अशी थंडी. एवढं सोसून कॅमेरा केसाइतकाही सरकायचा नाही, नाहीतर कुठल्या काळी निघालेला ताऱ्याचा उजेड भलतीकडंच पडायचा. त्याची एक घोडी आत्ता वर आहे. संध्याकाळी अंगणात मान वर केली की माझी छाती दडपते. माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा हा!

"जाम घट्ट आवळत असशील," मी एकदा म्हणालो.

"घट्ट कायले? घट्ट आवळलं का थंडीत तडकते. सरकू द्यायचं नाही, पण अंग चोरायले जागा ठेवायची."

आपल्या घरावरच्या टिनांची भोकंही त्यानं कानशीनं लांबट केली होती. मी पोटभर हसलो. मे महिन्यात माझी टिनं फुगून स्क्रू उपटून निघाले. त्याची जागची हलली नाहीत. मी मुकाट्यानं त्याची कानस मागायला गेलो.

पण शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या मायपुढं त्याची ही सगळी अक्कल गुल व्हायची. यंदा माय अंगणात पडली. मोडलेला पाय जुळला, पण तोल गेला तो गेलाच. हा रजा टाकून आला आणि तिला बंगलोरला न्यायचा हट्ट धरून बसला. तीनदा बॅग भरली. तीनदा मायनं लुगडी काढून पेटीत ठेवली.

"तिथं मले कोण ओळखते बापा? इथं सकाळी गुरुजीच्या घरी चहा प्यायले जाते."

"आणि पडली तं?"

"पडीन तं पडीन. तू मले आवळून ठेवू नको!"

भास्कर त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी लोखंडी पाइप घेऊन माझ्या दारात हजर. "गुरुजी, तुमच्या भिंतीत तीन भोकं पाडू काय?"

मायच्या खाटेपासून अंगण ओलांडून थेट माझ्या ओसरीपर्यंत त्यानं कठडा बसवला. उन्हात पाइप वाढेल म्हणून जागोजागी सैल जागा ठेवली. मग मी, माझी बायको आणि दूधवाला अशा तिघांना त्यावर लोंबकळवलं. शेवटी डोळे मिटून, एक हात कठड्यावर ठेवून, मायच्या चालीनं स्वतः तीनदा चालून पाहिलं. आणि एकटाच बंगलोरला गेला.

आता रोज सकाळी त्याचा फोन येतो. माझी खुर्ची कठड्याच्या टोकाशीच असते. पलीकडं मायनं हात टेकला की इकडं माझ्या बोटांना बारीक थरथर कळते. पहिल्याच सकाळी त्यानं विचारलं, "गुरुजी, पाइप हलून राहिला काय?"

"हलून राहिला रे. माय येऊन राहिली."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हलू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "हलू द्या."