नमुना नागरिक

राज्यघटनेत नागरिकांची स्वातंत्र्यं घालायची राहून गेली आहेत, हे घटना अमलात येऊन बरीच वर्षं झाल्यावर लक्षात आलं. तातडीने समिती नेमण्यात आली. समितीच्या अध्यक्षांचं म्हणणं असं की, पंखासुद्धा आपण दुकानात लावून बघतो, मग स्वातंत्र्य न तपासता देशभर कसं लावायचं? आधी एका नागरिकावर चाचणी व्हावी. नागरिक विश्वासातला हवा, म्हणून त्यांनी आपल्या बिनकामाच्या मेव्हण्याची नेमणूक केली. तो त्यांच्याच घरी राहायचा, त्यामुळे प्रवासभत्ताही वाचला.

पहिल्यांदा मेव्हण्याला भाषणस्वातंत्र्य देण्यात आलं. त्याने जेवताना पाहुण्यांना सांगितलं की, भाऊजी समितीत झोपतात आणि घरी येऊन 'दमलो' म्हणतात. अध्यक्षांनी हात धुतले आणि मसुद्यात लिहिलं, 'परंतु जेवताना नाही.' मग संचारस्वातंत्र्य दिलं. मेव्हणा संचार करत करत अध्यक्षांच्या आरामखुर्चीपर्यंत गेला आणि तिथेच स्थायिक झाला. 'परंतु खुर्च्या वगळून.' सभास्वातंत्र्य मिळताच त्याचे मित्र दिवाणखान्यात जमले आणि त्यांनी रीतसर ठराव करून टीव्हीचा रिमोट ताब्यात घेतला.

अध्यक्ष मेटाकुटीला आले. हाकलावं तर बायकोचा भाऊ. आपलेच दात, आपलेच ओठ.

"अहो, त्याच्यावर कशाला चिडता?" बायको म्हणाली. "स्वातंत्र्य तुम्हीच दिलंत ना?"

"दिलं म्हणजे काय वापरायला दिलं?"

अखेर स्वातंत्र्यांचं एक पान झालं आणि 'परंतुं'चं बाड. मंजुरीआधी जनतेच्या हरकती मागवायचा नियम होता. लोक आता आपल्याला फाडून खाणार, या धास्तीने अध्यक्षांनी मसुदा जाहीर केला आणि आजारपणाची रजा टाकली.

हरकतींची पोती आली. अध्यक्षांनी भीत भीत एक सोडलं. 'परंतु' जास्त झाले, अशी तक्रार फक्त मेव्हण्याची होती. त्याला खुर्ची परत हवी होती. बाकी प्रत्येकाला आणखी एकच 'परंतु' हवा होता. कुणाला शेजाऱ्याच्या गाण्यावर, कुणाला सुनेच्या फोनवर, कुणाला भाडेकरूच्या पाहुण्यांवर. अध्यक्षांना गहिवरून आलं. त्यांनी सगळ्या सूचना मान्य केल्या आणि स्वातंत्र्यं एकमताने मंजूर झाली.

तेव्हा उद्या कुणी तुम्हाला स्वतःच्या गच्चीवर मोठ्याने हसायला मनाई केली, तर सरकारवर चिडू नका. तुमचं पत्र त्या पोत्यात होतंच. खालच्या मजल्यावरच्यांचंही होतं, आणि ते तुमच्याबद्दल होतं.