अण्णांचा ‘की’

भाजीवाली गल्लीत ओरडली, ‘‘अण्णा, असली वांगी आख्ख्या सोलापुरात न्हाईत!’’ तर समोरच्या कट्ट्यावरून मल्लिनाथअण्णा बोट वर करून म्हणतात, ‘‘अतिशयोक्ती!’’ आणि मग मुकाट अर्धा किलो घेतात.

अण्णा जन्मभर रिक्षातून फिरणाऱ्या भोंग्यांसाठी मजकूर लिहीत आले. चादरींचे सेल, दागिन्यांची दुकानं, निवडणुका. ‘थंडी आली दारात, चादर कुटाय घरात?’ हे त्यांचंच. आवाजही स्वतःचाच द्यायचे. ‘‘बोलाय गाढवालाबी येतंय. पटवाय आलं पायजे,’’ हे त्यांचं ब्रीद.

आम्हा शेजाऱ्यांना कुणी गुंडाळू नये म्हणून ते फुकट शिकवणी घेत. वर्गणी मागायला आलेला माणूस ‘‘तुमी तर समजूतदार,’’ असं म्हणाला रे म्हणाला, अण्णा माझ्या कानाशी लागत. ‘‘ही स्तुती. हिचं पुढचं वाक्य खिशाकडं येतंय बघा.’’ उमेदवारानं ‘‘तुमाला विकास नको का?’’ विचारलं तर, ‘‘ह्यो प्रश्न न्हवं. उत्तर त्यानं घरनंच आणलंय.’’

राग एकाच शब्दाचा. ‘की’. आम्ही सोलापूरकर तो वाक्याच्या शेपटाला लावतोच: बस की, खा की, जाऊ दे की. अण्णा कातावत. ‘‘कारण सापडलं न्हाय म्हंजी माणूस ‘की’ म्हणतोय. आळस हाय त्यो!’’

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पत्नी, गिरिजाक्का, आजारी पडल्या. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन लगेच करायला सांगितलं. अक्कांचं एकच, ‘‘मला चिरून घ्यायचं न्हाय. काय व्हायचं ते घरात व्हऊ दे.’’ दाखल व्हायच्या सकाळी मी गाडी घेऊन गेलो, तर त्या पलंगावरून उठायला तयार नाहीत आणि अण्णांचा भोंगा सुरू.

‘‘पलीकडच्या गल्लीतली म्हातारी बघ. ऑपरेशन करून आता जिनं चढतीय!’’

‘‘दृष्टान्त,’’ अक्का म्हणाल्या.

‘‘चल, चल, चल!’’

‘‘पुनरुक्ती.’’

‘‘न्हाय गेलीस तर मरशील!’’

‘‘हे भीती घालणं. संसारभर हेच ऐकलंय मी.’’

मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली. अण्णांकडची सगळी हत्यारं संपली होती. ते पलंगाशी जमिनीवर बसले. मग अगदी बारीक आवाजात ते म्हणाले,

‘‘चल की.’’

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. ‘‘आन् ह्याला काय म्हणत्यात?’’

‘‘म्हाईत न्हाय गं.’’

अक्कांनी पाय खाली सोडले. अण्णांनी पलंगाखालून चपला ओढल्या आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या पायांत घातल्या. घाईत उजवी डाव्या पायात गेली. चूक लक्षात येऊन ते पुन्हा वाकले, तशा अक्का त्यांच्या खांद्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

‘‘ऱ्हाऊ दे की,’’ त्या म्हणाल्या.