सांचीच्या तोंडावरचं ऊन

सांचीच्या अंगावर हिरवा फ्रॉक चढला तेव्हा सव्वादहा वाजले होते, आणि फोटोग्राफर भुजंग पावणेसातपासून तिच्या अंगणात कॅमेरा घेऊन उभा होता.

वाटूर फाट्यावरचा भुजंगचा स्टुडिओ तेवीस वर्षांचा. निळा पडदा, दोन दिवे, एक स्टूल. त्या स्टुलावर बसलं की सगळी पोरं सख्खी भावंडं दिसत. मागच्या वर्षी त्यानं सांचीचा फोटो बाहेर, भर दुपारी काढला होता. त्यात पोरीचे डोळे मिटलेले, आणि नाकाखाली अशी काळी सावली की तिच्या आईनं, प्रियानं, फोटो बघताच विचारलं, "काका, तीन वर्षांच्या पोरीला मिशा कशा फुटल्या?"

प्रिया सरकारी दवाखान्यात नर्स होती. सुई टोचावी तसं नेमकं बोलायची. यंदा तिनं आधीच बजावलं, "सांचीच्या वाढदिवसाचा बॅनर करायचाय. त्या दिवशी चार वाजेपर्यंत फोटो पाहिजे. बराबर आला न्हाई, तर मी परतूरच्या त्या नव्या पोराकडं जाते. त्याच्याकडं गोल लाईट हाय."

गोल लाईट हा शब्द भुजंगला फार लागला. आठ दिवस त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि वहीत लिहून काढलं : लहान मुलांचे फोटो कोवळ्या उन्हात काढावेत. ते हुकलं तर मोकळ्या सावलीत. तीही नसेल तर सूर्य मुलाच्या पाठीशी घ्यावा आणि समोरून उजेड परतवावा.

कोवळं ऊन वेळेवर आलं. सांची आली नाही. डिसेंबरची थंडी, ती गोधडी सोडेना. उठली तर दूध पाहिजे, दूध झालं तर हा फ्रॉक टोचतो, तो नको. प्रिया ड्युटीवर निघून गेली आणि सगळा मामला सांचीच्या आजोबांवर, भिवाआबांवर आला.

"आता ऊन तापलं. सावलीत घेऊ," भुजंग म्हणाला.

सावली लिंबाचीच होती. लिंबाखाली बसवल्यावर सांचीच्या तोंडावर उन्हाचे कवडसे पडले. आबांनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. "हिला कांजण्या झाल्यावानी दिसून राह्यलं."

भुजंग हरला नाही. त्यानं पोरीला उन्हाकडे पाठ करून बसवलं. केस सोन्यासारखे चमकले, तोंड मात्र तव्याच्या बुडासारखं. "आता समोरून उजेड टाकायचा. आबा, घरात परात हाय का?"

आबांनी पितळेची परात आणली. भिवाआबांनी उभा जन्म पेरणीची तिफण धरली होती. धरलेली वस्तू हलू द्यायची नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण तेवढ्यात रस्त्यावर मोठ्यानं हॉर्न वाजला, लग्नाची गाणी ऐकू आली, आणि आबा परातीसकट वळले.

परातीतला सूर्य थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत गेला. झेंडूच्या माळांनी सजलेली वऱ्हाडाची बस करकचून थांबली आणि तिचं पुढचं चाक अंगणाच्या कडेच्या मऊ मुरमात रुतलं.

बसमधून चाळीस माणसं उतरली. सगळी पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या टोप्यांत. पुढं नवरदेवाचे मामा, मच्छिंद्र.

"कोण तो आरसा चमकवून राह्यला?"

"आरसा न्हाई, परात हाय," आबांनी दुरुस्ती केली.

"डोळ्यापुढं एकदम अंधारी आली, मामा," ड्रायव्हर राधेश्याम कुरकुरला. "समदे जण ढकला, तवाच निघंल."

"पावणेबाराचा मुहूर्त हाय परतूरला!" मामा गरजले आणि चाळीस वऱ्हाडी भुजंगभोवती अर्धगोल करून उभे राहिले. आता मार बसणार, हे भुजंगला कळलं. त्यानं शेवटचं म्हणून सांचीकडे पाहिलं.

सांची बसच्या सावलीत आली होती. ना कवडसा, ना मिशी. समोर उन्हात उभ्या असलेल्या चाळीस पांढऱ्या सदऱ्यांवरून उजेड उसळत होता आणि सायीसारखा तिच्या गालावर उतरत होता.

एक वऱ्हाडी बस ढकलायला निघाला. लगेच सांचीचा डावा गाल काळवंडला.

"ओ टोपीवाले! मागं या!" भुजंग असा ओरडला की माणूस खरंच मागं आला. "तीन मिनिटं कुणीबी हलायचं न्हाई!"

"येडा झाला का रे तू?" मामा कडाडले. त्याबरोबर त्यांची टोपी भुवयांवर आली आणि सांची खुदकन हसली. भुजंगचा कॅमेरा मात्र अजून डोळ्याला लागला नव्हता.

"मामा, ओरडा! अजून जोरात ओरडा!"

मामांना आजवर सगळ्यांनी गप्प बसा एवढंच सांगितलं होतं. ओरडा म्हटल्यावर त्यांचा आवाजच फुटेना. एवढ्यात बसच्या खिडकीतून मुंडावळ्यांसकट नवरदेव डोकावला. "मामा, जल्दी करा ना!"

"तुला लई घाई झाली रे!" मामांचा आवाज परत आला. सांची पोट धरून हसली. भुजंगनं बटण दाबलं, दाबतच राहिला.

मामांनी कॅमेरा ओढून घेतला. बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बसकडे वळून म्हणाले, "धर्मराज, खाली उतर. हितं बैस, पोरीच्या जागी."

नवरदेवाचा फोटो झाला. मग बसमध्ये बसून राहिलेल्या करवलीचा, मग मामांचा स्वतःचा, आधी टोपी घालून, मग काढून. तोवर मामांचा फोन वाजला. वधूपिता तिकडून ओरडत होता, "कुठं अडकले तुमी?"

"लाईट लई चांगली हाय हितं, म्हणून थांबलो!"

"आवो, लाईट आमच्याकडंबी हाय! जनरेटर सांगितलाय! या आता!"

चाळीस जणांनी एका रेट्यात बस काढली. सावली बसबरोबर परतूरला गेली.

दुपारी प्रियानं फोटो पाहिला आणि पहिल्यांदाच तिला टोचायला काही सापडलं नाही. "काका, लाईट कोणती वापरली?"

"एक बस आन चाळीस वऱ्हाडी," भुजंग म्हणाला. तिला तो विनोद वाटला.

बॅनर लागला. तिसऱ्या दिवशी तो बघून गावातल्या बेबीनंदा नातवाला कडेवर घेऊन स्टुडिओत आल्या. "प्रियाच्या पोरीसारखा काढून द्या, बाहेरच्या उजेडातला."

भुजंगनं वही उघडली. "तुमच्या घरात पांढरे कपडे घालणारी माणसं किती?"

बेबीनंदांनी बोटं मोजली. "पाच दीर हायत. पर त्यातले दोघं दोन वर्षांपासून एकमेकांचं तोंड बघत न्हाईत."

"बघायचं बिलकुल काम न्हाई," भुजंगनं पेन सरसावलं. "एका रांगेत उभं करू. तोंडं पोराकडं. फक्त कपडे धुतलेले पाहिजेत."