धडधाकटांची पायली

“आजारी असशील तं चाल पुढं. धडधाकट असशील तं थांब.”

आमच्या ओट्यासमोर सीतारामभाऊंनी नामदेवला अडवलं, तेव्हा मी खिडकीआड उभी होते. सकाळीच सुटलेल्या बैलामागे धावणारा नामदेव त्या क्षणी लंगडू लागला. भाऊ म्हणाले, “मागच्या खेपेले डावा पाय होता बे.”

सीतारामभाऊ जन्मभर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. नवा महाराष्ट्र झाला त्या सुमारास निवृत्त होऊन सोनाळ्याला परतले, ते एक इंग्रजी पुस्तक घेऊन. बदली झालेल्या डॉक्टरसाहेबांनी ते टाकून दिलं होतं. विलायतेत सगळ्यांना औषधपाणी कसं मिळतं, याची त्यात माहिती होती. भाऊंचं इंग्रजी बाटल्यांवरच्या नावांपुरतं. माझे वडील इथे हेडमास्तर. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटातून मॅट्रिक होऊन आलेली. माझं मराठी ऐकून बाया पदराआड हसत, म्हणून मी गावात तोंडच उघडत नसे. पण रोज चारच्या सुमारास भाऊ ओट्यावर येऊन बसत आणि म्हणत, “वाच माय.”

मी वाचून मराठीत अर्थ सांगे. पुस्तकाचं सार सोपं होतं. धडधाकट असताना ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे द्यायचं. आजारी पडल्यावर कोणी काही मागायचं नाही. भाऊंनी घरात एक कणगी उभी केली आणि सुगीत घरटी पायलीभर ज्वारी मागू लागले. त्यातून औषधं आणि नांदुऱ्याच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडी. आजारी माणसाकडून मात्र दाणाही घ्यायचा नाही. खोकणाऱ्या एका म्हातारीची ज्वारी ते तिच्याच ओट्यावर ओतून आले.

ही बातमी पसरली आणि भाऊ टोपलं घेऊन निघाले की अर्धं गाव कण्हू लागलं. भाऊंनी वाद घातला नाही. कण्हणाऱ्या प्रत्येकाला समोर बसवून एरंडेल पाजलं. दुसऱ्या फेरीला गाव बरंच सुधारलं होतं. नामदेव तेवढा एरंडेल पिऊनही हटला नाही. आज तोच भाऊंचं टोपलं धरून फिरतो, पण मधे बरंच घडलं.

एकदा वाचताना भाऊंनी मला थांबवलं. “तिकडे दवाखान्यात पहिले काय इचारते?”

काय दुखतं ते, मी म्हणाले.

“किती आनलं, हे नाही इचारत?”

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी उघड्या पानावर बोट ठेवलं. “माही बायको लक्ष्मी बाळंतपनात अडली, तवा मी तीन गाडीवाल्यायच्या दारात उभा होतो. तिघायनंही पहिले तेच इचारलं.” एवढं बोलून टोपी झटकली आणि उठले. घरी त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं.

माघात नामदेव खरोखरच पोट धरून लोळू लागला. आधी सगळे हसले. तो ओकून निपचित पडला, तेव्हा हसू थांबलं. भाऊंनी आमच्या ओट्यासमोर गाडी जुंपवली, पण गाडीवान खाली उतरून बसला. यानं कणगीत कधी दाणा टाकला नाही, मग गाडी कशाची, असं त्याचं म्हणणं. जमलेल्यांनाही ते पटत होतं. नामदेवची बायको धावत ज्वारीचं टोपलं घेऊन आली.

“किती आनलं?” गाडीवानानं विचारलं.

भाऊ जुवाला धरून उभे राहिले, त्या तीन दारांत उभे राहिले असतील तसे.

मी ओटा उतरले. माझ्या मराठीला कोण हसेल, हा विचार गाडीपाशी पोचेपर्यंत होता.

“आधी त्याला काय दुखतंय ते विचारा,” मी म्हणाले.